थंड खोलीतली खुर्ची

बरणीच्या झाकणावर निळ्या शाईनं एकच शब्द लिहिलेला आहे: खुर्ची.

*

तो पाणी पीत नाही. हवेतला ओलावा अंगात ओढून घेतो आणि तेवढ्यावर भागवतो. डोळे नाहीत, पाय आठ. माणसाच्या अंगावरून झडलेली कातडी खातो, आणि माणसाच्या अंगावरून कातडी झडायची कधी थांबत नाही.

*

दाढी झाली की सासरे मशीनची जाळी काढतात आणि काचेच्या छोट्या डबीच्या काठावर ठोकतात. टक टक टक. राखेसारखी पूड पडते. डबीला झाकण लावून ते ती सुनेच्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवतात.

"घेऊन जा. तुझ्या गुरांची वैरण."

*

लिफ्टमध्ये एक खुर्ची उभी होती. पायापासून पाठीपर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, वरून दोरी. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आत शिरता शिरता थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगंबाई, कोण गेलं?"

*

"आई, माझ्या आत कोण शिट्टी वाजवतं?"

*

कापड बेतून झालं की जे उरतं ते कातरण. शिंप्याच्या टेबलाखाली ते साठत जातं. त्याचं काही होत नाही आणि शिंप्याला ते टाकवतही नाही.

*

हे सगळं एकाच घरातलं. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक गॅलरी. माणसं चार. सासरे शिंपी, दुकान बंद करून घरी बसलेले. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. स्वतःच्या इमारतीची लिफ्ट बिघडली की मात्र कंपनीचा दुसरा माणूस येईपर्यंत जिने चढतो, कारण फुकट काम करायची सवय लागली की शेजारी रात्रीही दार वाजवतात असं त्याचं म्हणणं. नात दुसरीत. ती एका जागी ठरत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतात. आणि सून.

सून ज्या कंपनीत आहे तिथे ॲलर्जी तपासायचे थेंब तयार होतात. धुळीतल्या किड्यांच्या थेंबांसाठी किडे लागतात, आणि ते कुणीतरी वाढवावे लागतात. त्यांना माइट म्हणतात. ते ती वाढवते. उबदार, दमट खोली, फळ्यांवर बरण्या, प्रत्येक बरणीत भुऱ्या पिठासारखं काहीतरी. नीट टक लावून पाहिलं तर ते पीठ किंचित हलतं. त्या खोलीला कंपनीत गोठा म्हणतात आणि तिला गोठेवाली. तिला त्याचा राग येत नाही. सकाळी आल्याबरोबर ओलावा बघायचा, वैरण घालायची, गुरं मोजायची. गोठेवालीनं दुसरं काय करायचं असतं? वैरण म्हणजे यीस्टची पूड आणि पुरुषांच्या दाढीचा भुगा. दाढीच्या भुग्यात केसांपेक्षा कातडी जास्त असते, आणि ती माइटांना फार मानवते. कंपनीतल्या सगळ्या पुरुषांना दाढीचं मशीन कोरडंच चालवायची विनंती केलेली आहे. निम्मे विसरतात. सासरे कधी विसरले नाहीत.

मोजायची रीत सोपी. बरणीतली चिमूटभर पूड गरम बशीवर ठेवायची, वर थोड्या अंतरावर चिकटपट्टी. खालून चटके बसायला लागले की जिवंत माइट धडपडत वर येतात आणि पट्टीला चिकटतात. मेलेले खालीच राहतात. पट्टी भिंगाखाली धरायची. गोठ्यात हा एकच प्रश्न: जिवंत किती? जिवंत भरपूर, तर बरणी चांगली. मेले, तर बरणी गेली.

बरणी पुरेशी भरली की ती थंड खोलीत. तिथे सगळे मरतात. मग चाळून पुडी बांधायची आणि भिंतीतल्या छोट्या खिडकीतून पलीकडे सरकवायची. पलीकडे पिवळ्या बसतो. पिवळ्या रसायनांचा माणूस. त्याच्याकडच्या तपासणीत काही सापडलं की द्रव पिवळा होतो आणि तो आनंदानं टेबलावर थाप मारतो, म्हणून पिवळ्या. पुडी खिडकीतून गेली की गोठेवालीचं काम संपलं. पुढे तो तिचं काय करतो ते तो जाणे. इतक्या वर्षांत ती खिडकीपलीकडे गेली ती फक्त त्याच्या वाढदिवसाला.

*

भिंगरीच्या छातीतली शिट्टी आधी सर्दीबरोबर यायची आणि सर्दीबरोबर जायची. मग सर्दी जायची आणि शिट्टी राहायची. मग सर्दी न येताच शिट्टी येऊ लागली.

डॉक्टरीणबाईंनी मुलीचा हात टेबलावर पालथा धरला, मग उलटा केला, आतल्या गोऱ्या बाजूवर थेंबांची रांग लावली आणि प्रत्येक थेंबातून सुईनं हलकंसं टोचलं. परागकण, मांजर, बुरशी, धूळ. थोड्या वेळानं धुळीच्या जागी टपोरी गांध उठली. बाकीचं कातडं कोरं.

"धुळीतले माइट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

गोठेवालीचं लक्ष बाटलीकडे होतं. लेबल ओळखीचं होतं. तो थेंब तिच्याच गोठ्यातून आला होता.

"घरात गादी-उशांना बंद खोळी घाला, चादरी कडकडीत पाण्यात धुवा. आणि कापूस, चिंध्या भरलेलं जुनं काही असेल तर ते घराबाहेर काढा. आहे का असं काही?"

गोठेवाली आणि तिचा नवरा एकमेकांकडे न बघता एकाच वेळी "आहे" म्हणाले.

*

खुर्ची खिडकीशी होती. लाकडी सांगाडा, रुंद हात, जाड बसकण, जाड पाठ. दुकान सुरू केलं तेव्हा सासऱ्यांनी ती कुणाच्या तरी भंगारातून उचलून आणली होती. आत कातरण ठासून भरलं होतं, वर कोटांच्या उरलेल्या तुकड्यांचं आवरण शिवलं होतं. राखाडी, तपकिरी, काळं, एका कोपऱ्यात कुठल्यातरी हौशी गिऱ्हाइकाचं जांभळं. मापं द्यायला आलेली माणसं त्यात बसायची. दुकान गेलं, मशीन विकलं, टेबल विकलं, खुर्ची घरी आली. आता सासरे त्यात बसतात आणि भिंगरी त्यांच्या मांडीवर, हातावर, पाठीवर, जिथे जागा मिळेल तिथे. ती त्यांच्याकडून काज करायला शिकत होती. सुईत दोरा ओवताना ती जीभ बाहेर काढते. सासरेही काढायचे, असं त्यांचा मुलगा सांगतो.

"खुर्ची बाहेर काढायची?" सासरे म्हणाले. "बरं. मलाही काढा. दोघांना एकाच हातगाडीत घाला, फेरा वाचेल."

"बाबा, तसं कुठे म्हणतंय कुणी?"

"किडे पाळते ही, आणि बदनाम माझी खुर्ची?"

"मी तिकडे कपडे बदलते. आंघोळ करून निघते. माझ्या अंगावरून एकही येत नाही, ते तपासलंय आम्ही," ती म्हणाली.

"मग माझ्या खुर्चीतले आले कुठून? चालत?"

"सगळ्यांच्या घरात असतात, बाबा."

"सगळ्यांच्या घरात असतात आणि गुन्हेगार आमचीच. वा."

नवऱ्यानं मध्ये तोंड घातलं. "बाबा, तुम्हाला नवी घेऊ. पाठ मागे जाते तसली."

"मला मागे जायचं नाहीये," सासरे म्हणाले. "ही खुर्ची नाही रे. हे दुकान आहे. बाकीचं विकलं, हे ठेवलं. एवढं तरी राहू देत."

ते आवाज चढवून बोलले असते तर सोपं गेलं असतं. ते हळू बोलले. भिंगरी दारात उभी होती. "खुर्ची गेली तर मी कुठे बसू?" असं तिनं विचारलं आणि खोकली.

गोठेवाली स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटवला, चहाचं आधण ठेवलं, आणि आधण उकळून आटेपर्यंत तिथेच उभी राहिली. मुलीचा श्वास की म्हाताऱ्या माणसाची जागा, अशी निवड करायची असेल तर निवड अवघड नव्हती. पण निवड केल्यावर त्याच माणसाच्या हातून रोज सकाळी डबी घ्यायची, ते अवघड होतं. मग तिला सुचलं. ती भांडं हातात घेऊनच बाहेर आली.

"फेकायची नाही. थंड करू."

*

कंपनीत दोन थंड खोल्या आहेत. नवी, जिथे कामाच्या बरण्या जातात, आणि जुनी, जिथे बाद झालेल्या बरण्या फेकण्याआधी ठेवतात. जुनी मोठी आहे. मोठ्या बाईंनी, म्हणजे गोठेवालीच्या साहेबीणबाईंनी, विनंती ऐकून घेतली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"खुर्ची."

"हो."

"ठेव. पण वर पाटी लाव. नाहीतर कुणीतरी जाऊन बसेल."

खुर्ची प्लास्टिकमध्ये गुंडाळून लिफ्टनं खाली उतरली. काकूंची समजूत काढावी लागली. टेम्पोत नवरा खुर्चीशेजारी पाठ टेकून बसला होता. कंपनीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं गुंडाळलेल्या खुर्चीकडे बघत विचारलं, "मॅडम, आत साहेब आहेत का?" पिवळ्या खिडकीतून डोकावून म्हणाला, "आज जनावर जरा मोठं आणलंस."

खुर्ची आठवडाभर बर्फात राहिली. सासरे रोज संध्याकाळी विचारायचे, "थंडी वाजत नाही ना तिला?" खिडकीशी ते प्लास्टिकच्या स्टुलावर बसत होते आणि आपण प्लास्टिकच्या स्टुलावर बसलो आहोत हे सगळ्यांना दिसेल अशा बेतानं बसत होते.

नेण्याआधी तिनं खुर्चीतल्या धुळीची चिमूट गरम बशीवर धरून पाहिली होती. पट्टी भरून गेली होती. तिच्या चांगल्या बरण्यांतही इतकं पीक येत नाही. हे तिनं घरी सांगितलं नव्हतं.

खुर्ची परत आली. गच्चीत उन्हात वाळवली, वरून यंत्रानं धूळ ओढून घेतली. मग बसकणीच्या खाचेतली पूड पुन्हा बशीवर. पट्टी कोरी. दुसऱ्यांदा, कोरी. तिसऱ्यांदा तिनं बशी जरा जास्तच तापवली. कोरी.

"बाबा," ती म्हणाली, "एकही जिवंत नाही."

"शब्द?"

"शब्द."

सासरे खुर्चीत बसले. तिच्या दोन्ही हातांवर हात ठेवले, डोळे मिटले. "अजून गार लागतंय," असं म्हणाले, पण तक्रारीच्या सुरात नाही.

*

रविवार होता. दुपारची जेवणं झाली होती. भिंगरीनं लांबून धावत येऊन खुर्चीत उडी मारली. बसकण धपकन दबली आणि उन्हाच्या पट्ट्यात धूळ वर आली, सोनेरी, छान दिसणारी. सासरे हसले. तिनं पुन्हा उडी मारली. पाठीवर चढली, घसरगुंडी करून खाली आली. मग दोघं काज करत बसली.

चहाच्या वेळी तिनं सुई खाली ठेवली. खांदे वर घेऊन बसली होती. बोलताना वाक्य अर्ध्यात सोडत होती. गोठेवालीनं तिचा सदरा वर केला, तर बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत जात होती. औषधाचा फवारा तोंडात दिला. थांबून पुन्हा दिला. शिट्टी बारीक होत गेली, पण ते बरं होण्याचं लक्षण नव्हतं. शिट्टी वाजायलासुद्धा हवा लागते.

नवऱ्यानं मुलीला उचललं. लिफ्ट बंद होती. तो तीन जिने एका दमात उतरला.

दवाखान्यात नाकातोंडावर मास्क लावला, वाफेतून औषध गेलं. तासाभरानं भिंगरीनं मास्कच्या आतून विचारलं, "हे घातल्यावर मी हत्ती दिसते ना?" तेव्हा गोठेवालीनं बाकावर टेकून पाय लांब केले. सासरे शेजारी बसले होते. घरातली चप्पल घालून आले होते, एक स्वतःची आणि एक मुलाची.

ते म्हणाले, "तू म्हणालीस, मेलेत."

"मेलेत, बाबा."

"मग काय तुझी मेलेली गुरं लाथा मारतात?"

त्यांनी रागानं म्हटलं होतं.  पण तो प्रश्न तिला रात्रभर छळत राहिला, कारण तो बरोबर होता. मेलेल्यांचं पुढे काय होतं, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. तिच्याकडे ते खिडकीतून पलीकडे जायचे.

*

दुसऱ्या दिवशी ती खिडकीपलीकडे गेली. हातात खुर्चीतल्या धुळीची पुडी.

"वाढदिवस नाहीये आज माझा," पिवळ्या म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्यानं स्टूल पुढे सरकवलं.

तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत होता तोवर ठीक होतं. थंड खोलीपाशी आली तेव्हा त्याची भुवई वर गेली.

"थंड केलीस? कशाला?"

"कशाला म्हणजे? मारायला."

"मेले?"

"सगळे."

"आणि त्यांची लेंडी?"

"लेंडीचं काय?"

 पिवळ्यानं पुडीतली धूळ मिठाच्या पाण्यात ढवळली, गाळली आणि प्लास्टिकच्या पट्टीवरच्या दोन खळग्यांत थेंब थेंब सोडली. एका खळग्यात आधी दुसऱ्या एका बाटलीतलं काहीतरी टाकलं. "आपण शोधतोय त्याचं तोंड हे बंद करतं," म्हणाला. मग दोन्हीत तपासणीचं औषध. दोघंही वाकून बघत राहिले. तोंड बंद केलेला खळगा पाण्यासारखा राहिला. शेजारचा हळूहळू लिंबाच्या सालीसारखा पिवळा झाला. या वेळी त्यानं टेबलावर थाप मारली नाही.

"हे एन्झाइम," तो म्हणाला. "माइटाच्या पोटातलं. कातडी पचवायला लागतं ना त्याला, त्यासाठी. लेंडीबरोबर बाहेर पडतं आणि तिथेही काम करतंच राहतं. माइट जिवंत आहे का मेला, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुझ्या मुलीला माइट चावत नाहीत गं. ती लेंडी हवेत उडते, नाकात जाते, ओली होते, आणि हे आतलं सगळं बाहेर येतं. आणि श्वासनळीला कातडीच समजतं."

"पण थंडीनं..."

"थंडीनं काय? मागे बघ."

तिनं मागे पाहिलं. भिंतीशी फ्रीजर होता. तो तिथे कायमच होता. खिडकीतून रोज दिसायचा. पिवळ्यानं उठून दार उघडलं. वाफ खाली सांडली. आत कुप्यांच्या रांगा.

"हेच एन्झाइम, शुद्ध केलेलं. खराब होऊ नये म्हणून इथे ठेवतो. बाहेर ठेवलं तर बिचारं थकतं. तुझ्या बरण्या आधी थंड करायच्या असा नियम का आहे असं वाटलं तुला? माइट मरावेत, पण हे टिकावं, म्हणून."

ती स्टुलावर बसली. कपाळाला हात लावला. हा नियम तिनं स्वतः नव्या माणसांना शिकवला होता.

"म्हणजे मी खुर्चीला..."

"मुरवून ठेवलंस," पिवळ्या म्हणाला, आणि मग, आपण फार बोललो असं वाटून, "चहा घेतेस?"

*

सासरे स्टुलावर होते. खुर्ची जुन्या चादरीखाली झाकलेली. भिंगरी दवाखान्यातून परस्पर आत्याकडे गेली होती.

गोठेवाली जमिनीवर बसली. ती पिवळी पट्टी तिनं बरोबर आणली होती. ती पुढे धरून तिनं पिवळ्याकडे ऐकलेलं सगळं सांगितलं आणि चूक कुठे झाली तेही. मध्ये तिचं ततपप झालं, पण तिनं रेटलं. सासऱ्यांनी पट्टी उजेडाकडे धरली.

"हे काय करतं म्हणालीस? कापतं?"

"श्वासनळीला आतून अस्तर असतं, बाबा. बारीक बारीक पेशींचं. त्या एकमेकींना धरून असतात, शेजारी शेजारी. त्यांना धरून ठेवणारं जे असतं ते हे तोडतं. मग फट पडते. त्या फटीतून बाहेरचं आत जातं, आणि शरीर घाबरून..."

"पेशी कापत नाही?"

"नाही. मधलं."

सासरे पट्टीकडे बघत राहिले.

"मग कापणं नव्हे ते," ते म्हणाले. "उसवणं झालं. कापड शाबूत, टाका गेला."

"हो."

"अस्तर उसवलं की कोट अंगावर बसत नाही."

 खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायच्या खटपटीत होतं. लाथ, लाथ, लाथ, सुरू. सासरे उठले, कपाटातल्या वरच्या कप्प्यातून शिवण उसवायचं हत्यार काढलं आणि चष्मा बदलला.

"मास्क आणलास का तुमच्या तिथला? आण. दोन आण. हे कुणा परक्यानं फाडलेलं मला चालणार नाही. शिवलं मी, उसवणार मी."

*

गच्चीत जुनी चादर अंथरली. खुर्ची आडवी घातली. मुलगा मास्क लावून दोन्ही हातांनी सांगाडा धरून होता, सासरे टाका टाका उसवत होते. त्यांनी एकही टाका ओरबाडला नाही. आवरण अखंड निघालं. मग आतून कातरण यायला लागलं, दाबून दाबून वडीसारखं झालेलं.

"हा बँकेतला," सासरे मास्कमधून म्हणाले. "कायम घट्ट मागायचा. ही मास्तरीण. हा... हा कोण? अरे, हा तू. तुझी पहिलीतली चड्डी."

"बाबा, बोलू नका, धूळ जाईल."

"जाऊ दे. मला काही होत नाही. आयुष्य हेच खाल्लंय."

उजव्या हाताच्या आणि बसकणीच्या मधल्या खाचेत हत्यार घातलं तेव्हा तिथून कातरण आलं नाही. करडी पूड आली. भसाभसा, पिशवी फाटल्यासारखी. चादरीवर ढीग झाला.

"हे काय?" नवऱ्यानं विचारलं.

गोठेवाली वाकली. हातमोज्याच्या बोटांत पूड चोळली. ती रोज हातात घेते ती पूड ओळखायला तिला भिंग लागलं नाही.

"बाबा, तुम्ही दाढी कुठे बसून करता?"

"कुठे म्हणजे? खुर्चीत. उजेड असतो."

"आणि जाळी कुठे झटकता?"

"डबीत! तुझ्यासमोर तर..." सासरे थांबले. त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, गालाजवळ, मशीन धरल्यासारखा. मग कोपरातून खाली आला आणि हवेत, जिथे खुर्चीचा हात असायचा तिथे, दोनदा ठोकला गेला. टक टक. डबी उघडायच्या आधी.

 मग नवऱ्याच्या मास्कमागून आवाज आला, दाबलेला, आणि तो खोकला नव्हता. सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

"म्हणजे दोन्हीकडच्या गोठ्यांना वैरण मीच घालत होतो."

"हो बाबा."

"आणि इकडची गुरं जास्त धष्टपुष्ट?"

"पुष्कळच."

"मग," सासरे म्हणाले, "माझ्या गोठ्याचं नाव तरी चांगलं निघालं," आणि पुढचा टाका उसवायला लागले. थोड्या वेळानं त्यांचे खांदे हलले. हसतायत की काय हे मास्कमुळे कळलं नाही, आणि दोघांनीही बघितलं नाही.

कातरण पिशव्यांत भरून तोंडं बांधून नेलं. आवरण कडकडीत पाण्यात धुतलं, पुन्हा धुतलं. त्यातला जांभळा रंग उतरला आणि राखाडी थोडा जांभळा झाला. सांगाडा घासून, पुसून उन्हात ठेवला. सासऱ्यांनी त्यावर खाटेला असते तशी नवार विणली, आडवी-उभी, कसून. तिच्यात काही भरलेलं नाही. खालून बघितलं तर पलीकडचं दिसतं. आवरण त्यांनी दुमडून बसायला घेतलं आहे, आणि दर रविवारी ते स्वतःच धुतात. दाढी आता गॅलरीत करतात, कागद पसरून.

भिंगरी आत्याकडून आली. खुर्चीभोवती एक फेरी मारली, खालून डोकं घालून वर पाहिलं.

"आजोबा, तुमची खुर्ची नागडी झाली."

"तिला उकडत होतं."

"मी उडी मारू?"

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. तिनं पिवळ्याकडे धुतलेल्या आवरणाचं पाणी तपासायला दिलं होतं. खळगा पाण्यासारखा राहिला होता. ती म्हणाली, "मार."

भिंगरीनं उडी मारली. नवार कुरकुरली, ताणली आणि तिनं भिंगरीला वर फेकलं. उन्हाच्या पट्ट्यात विशेष काही उडालं नाही. "टोचतंय," ती म्हणाली, आणि आजोबांच्या मांडीवर सरकली.

तिचा फवारा अजून दप्तरात असतो. सर्दी झाली की शिट्टी येते. सर्दी गेली की जाते.

*

खुर्ची थंड खोलीत नेण्याच्या आदल्या दिवशी गोठेवालीनं तिच्या खाचेतली चिमूटभर पूड एका रिकाम्या बरणीत टाकून झाकण लावलं होतं; ती बरणी गोठ्याच्या वरच्या फळीवर आहे, आणि तिला अजून सासऱ्यांच्याच दाढीचा भुगा घालतात.